उत्तर
हॉस्पिटलमधून नवऱ्यानंच कुमुदिनीबाईंना घरी पाठवलं होतं. "लेकीची ईमेल वाचून ये आणि मला सांग."

फोनची लाइन मोडेममधून जुन्या कॉम्प्युटरला जोडता जोडता मेकॅनिक फडतरेला दुपार झाली. अखेर मोडेमची खरखर थांबली. "काकू, लागलं इंटरनेट!"

अमेरिकेतल्या लेकीची ईमेल उघडली. 'आई, बाबा आज कसे आहेत?'

तेवढ्यात शेजारच्या नलूवहिनी धापा टाकत आत आल्या. "हॉस्पिटलवाले तासभर तुमचा फोन लावताहेत. सारखा एंगेज. शेवटी आमच्याकडे केला." त्यांनी कुमुदिनीबाईंचा हात धरला. "भाऊजी गेले हो."

कुमुदिनीबाईंना रडू आलं नाही. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. फडतरेनं वायर काढायला हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी उत्तर कसं पाठवायचं ते सांग."