ओल्या रंगावर

नामवंत चित्रकाराच्या सगळ्यात गाजलेल्या चित्राचा संग्रहालयाने एक्स-रे काढला, तर खाली दुसरंच चित्र निघालं. खिडकीशी बसून वेणी घालणारी एक मुलगी. तिथल्या तज्ज्ञाने चित्रकाराच्या म्हाताऱ्या बायकोला मुद्दाम बोलावून घेतलं.

"काकू, केवढा शोध लागलाय बघा! सरांनी स्वतःचंच आधीचं चित्र झाकून वर हे रंगवलं. तेही खालचा रंग ओला असतानाच. प्रतिभेला कुठला दम निघतोय!"

काकू पडद्यावरच्या मुलीकडे बघत राहिल्या.

"ही माझी धाकटी बहीण. चित्र मी काढलेलं."

तज्ज्ञाचं हसू ओठांवरच विरलं. काकू पुढे म्हणाल्या,

"पण दम निघाला नाही, हे मात्र खरं. त्याच संध्याकाळी माणसं येणार होती, माझं चित्र बघायला."