पिंडाशेजारची कढई

कोपरखैरण्याच्या तलावाकाठी गोटीरामचा दहावा अडकला होता. कावळा पिंडाला शिवत नव्हता. मुलाने दारू सोडीन, जमिनीची केस मागे घेईन, लग्नसुद्धा करीन असं सांगून पाहिलं. कावळ्याचा कशावरच विश्वास बसला नाही. “आटपा, मला पुढचा कावळा कामोठ्याला आहे,” भटजी म्हणाले. दहा दिवस दगडासारखी बसलेली मुलगी उठली. शेवटच्या संध्याकाळी बापाने तिच्याकडे चायनीज कोलंबी मागितली होती आणि ती ‘उद्या करते’ म्हणाली होती. तलावासमोरच्या आपल्या घरात तिने मोठ्या आचेवर आलं, कांद्याच्या पातीसारखी लीकची पात, कोलंबी परतली आणि सात मिनिटांत कढईच घेऊन आली. कावळा उतरला. त्याने कोलंबी तेवढी वेचली, पात बाजूला सारली. आई त्याच्यावर खेकसली, “अवो, पाला पन खावा! पोरीनी धावतपलत रांधलाय.” कावळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाला गिळला.