नळांवरचा टॉवेल

वेल्समधल्या त्या गावात रविवारी दारूविक्रीला बंदी होती. ती उठवायची का, यावर येत्या बुधवारी मतदान होतं. शनिवारी बिअर कंपनीचा एजंट नेस्टाच्या पबात पुठ्ठ्याची पाटी घेऊन आला. “बाई, दारात लावा. सातही दिवस धंदा!” वीस वर्षं उभ्याने बिअर ओतणाऱ्या नेस्टाने पाटी दुमडून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. “माझं मत बंदीला.” गिऱ्हाइकांचे ग्लास हवेतच थांबले. “पब कंपनीचा आहे, बाई!” एजंट गुरकावला. “पब कंपनीचा, गुडघे माझे.” उंबऱ्याबाहेर बंदीची पत्रकं वाटणारे पाद्रीबाबा हरखले. “शाब्बास, पोरी! देवाचंच काम केलंस. उद्या प्रार्थनेला ये, चारचौघांत हेच सांग.” नेस्टाने पब बंद करायची घंटा वाजवली, आता ओतणं संपलं म्हणून बिअरच्या नळांवर टॉवेल पसरला. “उद्याचा रविवार माझा. कंपनीचा नाही आणि देवाचाही नाही. तुम्हा दोघांपैकी कोणीही दार वाजवलंत, तर कुत्रा सोडीन!”