नांदायची केस

"हे दुसरं हेल्मेट कायले आणलं वो?" धुरपतानं लेकीला विचारलं. "मी तं बसनं आली."

"लागन," हर्षा म्हणाली.

दोघी मायलेकी भंडाऱ्याच्या कोर्टात, व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. हर्षानं दोन्ही हेल्मेटं पायाशी ठेवली होती. उन्हाळी धान फुलोऱ्यावर होतं. पहाटेचं शेतातलं काम उरकून ती थेट स्कूटीनं आली होती, आणि तिच्या बाहीला अजून परागांची पिवळी पूड लागलेली होती.

बाकाच्या टोकाला बसलेली एक म्हातारी सरकत जवळ आली. "कायची केस हाय, बाई?"

"नांदायची," धुरपता हळूच म्हणाली. "नवरा-बायको वेगळे राहून राहिले."

"मंग जाय न बाई नांदाले! एवढी शिकलेली दिसतं. करतं काय?"

"धानाचं नवं वाण काढून राहिली," हर्षा म्हणाली. "निघाले आठ-दहा वर्षं लागतेत."

"तवरिक तं नवरा दुसरी करन!"

हर्षा हसली. धुरपता हसली नाही.

हर्षा भाताच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. मुलाखतीत एका साहेबानं विचारलं होतं, "लग्न झालं की सोडणार ना?" ती म्हणाली होती, "माझ्याआधी जो मुलगा आत येऊन गेला, त्यालाही हे विचारलंत का?" साहेब पाणी प्याला आणि पुढचा प्रश्न त्यानं भाताच्या करपा रोगावर विचारला.

लाखनीच्या मनिषशी तिचं लग्न झालं. पावसाळाभर दोघांनी केंद्राच्या क्वार्टरमध्ये संसार केला. दिवाळीला दोघं लाखनीला गेले. तिथं सासऱ्यांनी, केवळरामनं, फराळाचं ताट पुढे असतानाच सांगितलं, "आता पुरे झालं. इथल्या शाळेत विज्ञान शिकव. आमची सून आमच्या घरी पाहिजे." दिवाळीपासून नवरा-बायको वेगळे राहत होते.

शाहपूरला, माहेरीही हर्षाला कुणी शाबासकी दिली नव्हती. तिचा बाप नत्थू कोर्टात यायलाच तयार झाला नाही. "नोकरी दुसरी भेटते," एवढंच तो म्हणाला होता.

आता केवळराम व्हरांड्यात येताना दिसला. मागे मनिष. त्याच्या खांद्याला नेहमीची लॅपटॉपची बॅग होती. कंपनी पुण्याची, पण त्याचं ऑफिस त्या बॅगेतच असायचं.

"तुह्यापायी कोर्टाची पायरी चढा लागली," केवळराम उभ्यानंच म्हणाला.

"बसा न, मामाजी."

"बसाले नाही आलो. गाडी आणली हाय खाली. राजीनामा दे अन् घरी चाल. गावात लोक तोंडावर इचारतेत, सून कुठं हाय म्हणून."

"सांगायचं, धानात हाय."

"धानातच राहाचं होतं तं आपल्या बांधीत का कमी काम हाय? रोवणीले बाया भेटत नाहीत."

"रोवणीले बाईच लागते, मामाजी. कमरेत वाकून चिखलात उभी राहिली तरी तिचं सासर कोणाले आठवत नाही. तीच बाई खुर्चीत बसून वाण काढाले लागली, का लगेच आठवते."

"हर्षा!" धुरपतानं तिचा हात दाबला. "मोठ्यायले असं बोलू नये."

मनिष खांबाला टेकून उभा होता. हळूच म्हणाला, "फुलोरा आला काय?"

"आला. लोंबीले कागदी पिशव्या बांधाले माणूस कमी पडून राहिला." हर्षानं त्याच्याकडे पाहिलं. "मागच्या फुलोऱ्यात तुमी बांधलेल्या गाठी सुटत नव्हत्या. माह्या सुटतेत."

त्याच्या ओठांवर हसू येता येता थांबलं. केवळरामनं घसा खाकरला होता.

"मामाजी, एक विचारू काय?" हर्षा उठून उभी राहिली. "नवरा-बायकोनं एकत्र राहावं, हे मानता न तुमी?"

"मानता म्हणजे? दिवाळीपासून मी दुसरं काय सांगून राहिलो?"

"अन् काही कारण नसताना जो आपला संसार सोडून राहते, त्यानं मुकाट्यानं परत जावं?"

"गेलंच पाहिजे! इचार कोणालेही."

म्हातारीनं जोरात मान डोलावली. धुरपतानं पदर तोंडाला लावला.

"बाबा..." मनिष म्हणाला.

"तू चूप राय."

दिवाळीपासून मनिष चूपच होता.

धुरपता लेकीच्या कानाशी वाकली. "अजून वेळ हाय, पोरी. मिटवून घे. उद्या सारा जिल्हा हासन."

"हासू दे, माय. साऱ्यायले वाटते कायदा त्यायच्याच बाजूनं हाय. एकानं तरी वाचून पाहिला काय?"

"अन् हारली तं?"

बाहीवरची पिवळी पूड हर्षानं बोटानं पुसली, मग पुसायची थांबली. "हारली तं एकटी राहीन. पण राहीन क्वार्टरवरच."

शिपाई दारात आला आणि त्यानं हर्षा आणि मनिषची नावं पुकारली. केवळराम मनिषला पुढे घालून आत गेला. हर्षानं एक हेल्मेट आईच्या मांडीवर ठेवलं, दुसरं काखेत घेतलं आणि त्यांच्यामागून आत गेली.

न्यायाधीशांनी आधी हर्षाकडे पाहिलं, मग मनिषकडे.

"मनिष, अर्ज तुमच्या पत्नीचा आहे," ते म्हणाले. "दिवाळीला आईवडिलांकडे गेलात, ते परत आलाच नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. बायकोच्या क्वार्टरवर नांदायला जायला तुम्हाला काय अडचण आहे?"