कोरी तेरा वर्षं

मायदेशी माराकाइबो शहरात सरकारी दवाखान्यात तेरा वर्षं लहान मुलं तपासणारी डॉक्टर मायग्वालिदा आता परक्या देशात, लिमा शहरातल्या इंटरनेटच्या दुकानात तिचा नोकरीचा अर्ज टाइप करणाऱ्या मुलीशेजारी बसली होती. माद्रिदच्या वृद्धाश्रमाला मदतनीस बाई हवी होती. परदेशात पदवी मान्य व्हायला विद्यापीठाचं पत्र लागायचं, आणि मायदेशातलं तिचं विद्यापीठ दोन वर्षं तिच्या एकाही विनंतीला उत्तर देत नव्हतं. “पदवी लिहिली की पुरावा मागतात, आई. मागचे सहाही अर्ज तिथेच अडले,” योहेलिस म्हणाली. “मग खोड.” “बारावी पास लिहू?” मायग्वालिदाने मान डोलावली. ‘बालरोगतज्ज्ञ’ हा शब्द शेवटच्या अक्षरापासून हळूहळू पुसला गेला. “पण मधली तेरा वर्षं कोरी दिसतात गं. काय करत होतीस, विचारतील.” “घरीच होते, लिही. मुलगी सांभाळत होते.” योहेलिसचे हात थांबले. तिचं बालपण शेजारणीच्या दारात आईची वाट बघण्यातच गेलं होतं. तिने तसंच लिहिलं.