मऊ हातमोजे

गोंदियात वीज नवीनच आली होती आणि केवलराम खांबांवर चढून तारा जोडायचा. त्याचे रबरी हातमोजे टणक झाले, बोटे वळेनात, म्हणून त्याची बायको शामकला आठवडाभर त्यांना मोहाच्या बियांचे तेल चोळत होती. "लोण्यावानी झाले वं!" म्हणत आज तो खुशीत कामावर गेला.

दुपारी शेजारचे बकारामजी, मोठ्या शहरात वायरमनकी करून आलेले म्हातारे, तेलाची वाटी कशाला हे तिच्याकडून ऐकून दचकले. "रबराले तेल कायले लावलं, सूनबाई? तेल रबरात शिरते, त्याले फुगवते, आतून सडवते. मंग वीज अडत नाही."

शामकला अनवाणीच बाजारातल्या खांबाकडे ओरडत धावली.



ती जेवायलाच बोलावते आहे असे वाटून केवलराम वरून हसला, "एवढी एक तार जोडतो अन् येतो!" म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.