जास्तीचं नाव

"तिचं नाव आजच कापा लागते," प्रेमलाने कारखान्याच्या ऑफिसातल्या खिडकीच्या रांगेतच नवऱ्याला बजावलं. दिवाकर नुसता रुमालाने मान पुसत राहिला.

रायपूर राजधानी झालं, तसे कारखान्याच्या औषधपाणी फंडातही नवे साहेब आले आणि त्यांनी तपासणी लावली. दिवाकरच्या पगारातून दोन बायकांची वर्गणी जात होती. नियमात एकच बसते. मार्चच्या आत एक नाव काढा, जास्तीचे पैसे परत घ्या, नाहीतर दंड भरा, अशी चिठ्ठी घरी आली आणि प्रेमलाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या पहिल्या बायकोला, मंदाकिनीला, जाऊन सहा वर्षं झाली होती. मेलेल्या बाईच्या आजारपणासाठी हा माणूस अजून पैसे भरत होता!

सवत मेली तरी सवतच. प्रेमलाने तिच्या साड्या देऊन भांडी घेतली, तिचा फोटो माळ्यावर टाकला. तरी पुरानी बस्तीतल्या शेजारणी "मंदा मोठी गुणाची होती" म्हणायच्या, आणि हिचा जळफळाट व्हायचा. जिवंत बाईशी भांडता तरी येतं.

"काहून नाही कापलं इतके दिवस? जीव अटकला का तिच्यात?"

दिवाकरने आजूबाजूला पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकला.

"पहिले राहून गेलं. मंग मागच्या साली तुले रक्त जाऊन राहिलं होतं. तू बेहोश होतीस. तुझं नाव फंडात नवंच, पहिलं वर्ष खर्च भेटत नाही. मी दवाखान्यात मंदाचं नाव सांगितलं. तुझं ऑपरेशन तिच्या नावावर झालं."

"मंग?"

"मंग काय? नाव कापाले मेल्याची तारीख द्या लागते. ती कधी मेली हे आज लिहून देलं, तर माही नोकरी गेली."

मेलीने इथेही उपकार करून ठेवला होता. प्रेमलाला रडू नाही आलं, रागच आला, आणि तो कोणावर काढावा तेही कळेना.

रांग सरकली. खिडकीतला बाबू दुर्गहून नुकताच बदलून आलेला, कोणाला ओळखत नव्हता.

"बोला ताई, दोघींपैकी कोणाचं नाव कापू?"

दिवाकर काही बोलणार, तोच तिने त्याला कोपराने मागे सारलं.

"प्रेमलाचं कापा. ते चुकून चढलं," ती म्हणाली. "मी मंदाकिनी."